खानदेशात रोजच्या अप-डाऊनसाठी विजेची दुचाकी : आधी सॉकेट, मग गाडी

जळगावहून बांभोरीच्या विद्यापीठात, भुसावळहून दीपनगरच्या वीजकेंद्रात, धुळ्याच्या देवपुरातून अवधानच्या एमआयडीसीत किंवा एखाद्या खेड्यातून तालुक्याच्या गावी शाळेवर, बँकेत, दुकानावर रोज अप-डाऊन करणाऱ्यांचा प्रवास बहुधा १५ ते ३० किलोमीटरांत आटोपतो. तापी आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यातला हा मुलूख बराचसा सपाट असल्याने एवढ्या अंतराला विजेची दुचाकी चांगली पुरते. तिच्या वाटेत येतात त्या दोन गोष्टी : घरातले जुने वायरिंग आणि मे महिन्यातले ऊन. दोन्ही शोरूममध्ये दिसत नाहीत. म्हणून खरेदीची सुरुवात घरी, मीटरच्या पेटीजवळ उभे राहून करावी, असे माझे मत आहे.

चार्जिंगची जागा

बऱ्याच स्कूटरांबरोबर मिळणारा चार्जर ७५० वॉटच्या आसपास असतो. म्हणजे साध्या इस्त्रीएवढीसुद्धा वीज तो ओढत नाही. मग त्यासाठी वेगळी लाइन कशाला, असे वायरमनही विचारतो. फरक वेळेचा आहे. इस्त्री थोड्या वेळात बंद होते आणि तापली की मध्येमध्ये आपोआप थांबते. चार्जर मात्र सलग चार-पाच तास चालतो, आणि तोही घरातली सगळी माणसे झोपलेली असताना. एवढ्या वेळात सैल झालेली पिन, बारीक वायर किंवा स्वस्तातले सॉकेट तापत जाते, प्लास्टिक तपकिरी पडते आणि एखाद्या रात्री जळका वास येतो. टीव्हीच्या बोर्डावरून ओढलेली एक्स्टेन्शनची वायर या कामाला अजिबात चालत नाही, ती कितीही नवी असो.

वायरमनला स्पष्ट शब्दांत सांगावे : मेन स्विचपासून स्वतंत्र लाइन, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचे तीन पिनांचे चांगल्या कंपनीचे सॉकेट, त्याला १६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, हे बिघाड होताच आपोआप पडणारे दोन स्विच. एमसीबी वायरला वाचवतो. माणसाला शॉकपासून वाचवतो तो आरसीसीबी, त्यामुळे पैसे वाचवायचेच असतील तर ते या दोहोंपैकी कशातही वाचवू नयेत. गाडी आल्यानंतर पहिल्या आठवड्यात अर्धा तास चार्जिंग झाल्यावर स्विच बंद करून प्लग काढावा आणि त्याच्या डोक्यावर बोट टेकवून पाहावे. कोमट असेल तर ठीक आहे. बोट टेकवत नसेल तर सॉकेट बदलावे.

अर्थिंगचा विषय याहून महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडच्या पुष्कळ घरांत अर्थिंग नावापुरतेच असते. वायरमनकडून चाचणी करून घ्यावी : फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये पिवळ्या प्रकाशाचा १०० वॉटचा जुना दिवा जसा पेटतो, तसाच तो फेज आणि अर्थिंगच्या मध्येही पेटला पाहिजे. मिणमिणत असेल तर अर्थिंग कामाचे नाही. आरसीसीबीच्या पुढे ही चाचणी केली की तो ताबडतोब पडतो, म्हणून ती त्याच्या अलीकडे घ्यावी लागते, आणि हे काम घरच्या माणसाने करून पाहण्याचे नाही. पावसाळ्यात जोरात असलेले अर्थिंग उन्हाळ्यात ढिले पडते, हीदेखील आपल्या काळ्या मातीची खोड आहे. ती वाळली की आकसते, भेगा पडतात, जमिनीत पुरलेल्या पट्टीपासून किंवा पाइपापासून सुटते, आणि मग चार्जरवर अर्थिंगचा लाल दिवा लागून चार्जिंग सुरूच होत नाही. मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी ओतत राहावे.

हा लाल दिवा घालवण्याची एक वाईट युक्ती गावोगाव चालते. सॉकेट उघडून आतच तारेच्या तुकड्याने न्यूट्रल आणि अर्थची पिन जोडून दिली जाते. दिवा विझतो, चार्जिंग सुरू होते आणि गिऱ्हाईक खूश होते. परंतु पुढेमागे न्यूट्रल कुठेतरी तुटला, की गाडीच्या लोखंडी भागात करंट उतरतो. असे करून देणाऱ्या वायरमनला पुन्हा बोलावू नये.

खेड्यांत संध्याकाळी सात ते दहा या वेळात व्होल्टेज पडते, तेव्हा चार्जर मध्येच थांबतो किंवा रखडतो. रात्री अकरानंतर व्होल्टेज सुधारते आणि गाडीही निवलेली असते, त्यामुळे टायमर लावून तीच वेळ धरावी. वीज मध्येच जाऊन परत आल्यावर बहुतेक गाड्या आपोआप पुन्हा चार्ज होऊ लागतात. आपली गाडी तशी आहे का, हे घेण्याआधी विचारून ठेवावे. शेतात जाणे असते म्हणून तिथल्या पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावण्याचा मोह होतो. शेतीच्या सवलतीच्या दराने घेतलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची वसुली वाचलेल्या पेट्रोलपेक्षा जड जाते. घरगुती मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला मात्र वेगळे कनेक्शन लागत नाही.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीच्या सामायिक मीटरवर गाडी लावून महिन्याच्या शेवटी भांडण ओढवून घेऊ नये. आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत पाइपातून केबल आणावी, सोसायटीचे लेखी पत्र घ्यावे आणि सॉकेटला कुलपाची पेटी बसवावी. हे शक्यच नसेल तर बॅटरी काढता येणारी गाडी पाहावी, पण अशी एकेक बॅटरी दहा-बारा किलोंची असते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती रोज कोण नेणार, हे घरातल्या सर्वांनी बसून ठरवलेले बरे.

जागा निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी. आपल्याकडे गाडी रात्री ओसरीत किंवा जिन्याखाली लावण्याची पद्धत आहे. बॅटरीला आग लागणे ही दुर्मीळ घटना आहे. तरी लागलीच तर धूर भयंकर होतो आणि ती लवकर विझत नाही. ज्या वाटेने घरातली माणसे बाहेर पडणार, त्या वाटेत चार्जिंगला गाडी लावू नये. अंगणात, पत्र्याची किंवा सिमेंटची छोटी छपरी करून लावावी. चार्जर सुटा असेल तर तो फरशीवर मोकळा ठेवावा, त्यावर कापड किंवा पोते टाकू नये. घरात धान्याची पोती असतील तर उंदरांनी केबल कुरतडली नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

किती मोठी बॅटरी लागते

बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासांत सांगतात. तेच वीजबिलातले युनिट. आपल्या रस्त्यांवर, एक माणूस आणि मध्यम वेग धरला, तर स्कूटरला किलोमीटरला २५ ते ३५ वॉट-तास लागतात. कंपनीने छापलेली रेंज प्रयोगशाळेतल्या चाचणीची असते. त्यातला पाव भाग सोडूनच हिशेब करावा. मागे माणूस बसला, वेग ४० वरून ६० वर गेला, टायरमध्ये हवा कमी असली, की आकडा झरझर खाली येतो. वाऱ्याचाही वाटा मोठा असतो. साक्रीकडच्या पठारावर ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या उभ्या आहेत त्या तिथल्या वाऱ्याच्या जोरावर. जून-जुलैत त्या बाजूला समोरून येणाऱ्या वाऱ्यात जाणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

समजा, रोजचे जाणे-येणे २४ किलोमीटर आहे. दोन दिवस चार्जिंग झाले नाही तरी अडू नये, म्हणून ४८ धरावे. बॅटरी अगदी तळाला नेऊ नये आणि चार-पाच वर्षांनी ती थोडी थकणारच, म्हणून आणखी निम्मे वाढवावे. म्हणजे खरी रेंज ७० ते ७५ किलोमीटर हवी. त्याला अडीच युनिटांची बॅटरी पुरते, तीन युनिटांची भरपूर होते. वर्षातून एकदा कुलदैवताला जायचे म्हणून चार-पाच युनिटांची गाडी घेणारे लोक मला कळत नाहीत. त्या दिवशी एसटी आहे, रेल्वे आहे.

खर्चाचा हिशेबही याच आकड्यांवरून निघतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर ६२४ किलोमीटर होतात, त्याला साधारण १९ युनिट लागतात आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज मिळवून मीटरवर २१-२२ पडतात. इथे लोक एक चूक करतात : बिलाची रक्कम एकूण युनिटांनी भागून सरासरी दर काढतात. महावितरणचे घरगुती दर ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि त्यापुढे असे टप्प्यांनी चढतात, आणि गाडीची युनिटे घरच्या वापराच्या वर जाऊन बसतात. म्हणजे त्यांना आपल्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर लागतो. हिवाळ्यात ९० युनिटांवर थांबणारे घर एप्रिलमध्ये दोन कूलर लागले की पुढच्या टप्प्यात जाते. तरीही युनिटला १२ रुपये धरले तरी महिन्याला अडीचशेच्या आसपास खर्च येतो. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीला, १०५ रुपये दराने, तेवढ्याच अंतराला साडेचौदाशे लागतात. घरावर सौर पॅनेल आणि नेट मीटर असेल तर हा खर्च आणखी खाली येतो. रोजचे अंतर सात-आठ किलोमीटरच असेल तर मात्र बचत महिन्याला तीन-चारशेच्या घरात राहते, आणि चालू स्थितीतली पेट्रोलची गाडी विकून नवी घेण्याची घाई करण्यात अर्थ नाही.

गाडी घेताना

आधी सर्व्हिस सेंटर पाहावे, मग गाडी. जळगाव, धुळे येथे बहुतेक कंपन्यांची सोय आहे. तालुक्याच्या गावी फक्त विक्रीचे दालन असू शकते आणि बिघाड झाला की गाडी टेम्पोत घालून शहरात न्यावी लागते. सर्व्हिस सेंटरच्या दारात सकाळी अर्धा तास उभे राहून तिथे आलेल्या चार गिऱ्हाइकांना ‘पार्ट यायला किती दिवस लागले’ एवढे विचारावे. त्या चार उत्तरांतून जे कळते ते जाहिरातीतून कळत नाही.

बॅटरी एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाच्या सुधारित नियमांप्रमाणे तपासलेली असावी. ते नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले, त्यामुळे त्याआधीचा पडून राहिलेला माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. लिथियमच्या बॅटऱ्यांत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असे दोन मुख्य प्रकार असतात. एलएफपी जड असते, पण उष्णता अधिक सोसते आणि जास्त वेळा चार्ज होऊन टिकते. आपल्या हवेला मी तिला झुकते माप देईन. लेड-ॲसिडच्या स्वस्त गाड्यांच्या नादी लागू नये. वॉरंटीच्या कागदावर वर्षे आणि किलोमीटर यांच्याबरोबर ‘क्षमता अमुक टक्क्यांखाली गेल्यास’ हे वाक्य शोधून वाचावे, कारण भांडण होते ते त्यावरच.

२५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या गाडीला नोंदणी व लायसन्स लागत नाही. काही विक्रेते अशी गाडी विकतात आणि नंतर तिचे वेगाचे बंधन ‘खोलून’ देतात. मग ती गाडी कायद्याने नोंदणीची ठरते आणि अपघात झाला तर विम्याचा आधार उरत नाही. इतर सर्व विजेच्या दुचाक्यांना आरटीओची नोंदणी, विमा आणि लायसन्स लागतेच. खासगी गाडीची पाटी हिरवी, तिच्यावर अक्षरे पांढरी. पीयूसी मात्र लागत नाही. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतले अनुदान २०२४ पासून किमतीतूनच वजा होऊ लागले आणि ते टप्प्याटप्प्याने कमी होत गेले, म्हणून शेजाऱ्याच्या जुन्या पावतीवरून आजच्या किमतीचा अंदाज बांधू नये.

टेस्ट राइड शोरूमच्या गल्लीत न घेता आपल्या रोजच्या वाटेवर, मागे कोणाला तरी बसवून घ्यावी.

उन्हाळा

जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडखाली किंवा सिमेंटच्या पटांगणावर उभ्या गाडीची बॅटरी त्याहूनही तापते. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी म्हातारे करतात : उष्णता, आणि उष्णतेत पूर्ण भरलेले राहणे. त्यामुळे सकाळी १०० टक्के भरून निघून दिवसभर उन्हात गाडी उभी करणे, ही सगळ्यात वाईट सवय. रोजचा प्रवास २०-२५ किलोमीटरांचा असेल तर उन्हाळ्यात ८० टक्क्यांवर थांबावे आणि ३०-४० टक्के उरल्यावर पुन्हा लावावे. रोज लावण्याचीही गरज नाही. एलएफपी बॅटरी मात्र आतले सेल समान पातळीवर यावेत आणि टक्क्यांचा आकडा खरा दिसावा म्हणून अधूनमधून पूर्ण भरावी लागते. किती दिवसांनी, ते पुस्तिकेत दिलेले असते. ती भरणी पहाटे पूर्ण होईल आणि लगेच गाडी बाहेर निघेल अशी वेळ धरावी.

संध्याकाळी सहाला घरी आल्याबरोबर प्लग लावू नये. चाकातून आणि सीटखालून गरम हवा येत असते, भिंतीही तापलेल्या असतात. अशा वेळी बॅटरीची नियंत्रण यंत्रणा चार्जिंग मंद करते किंवा थांबवते आणि माणसाला वाटते की चार्जर बिघडला. जेवणे आटोपल्यावर, शक्यतो अकरानंतर लावावे. दुपारी चढावर गाडीची ताकद आपोआप कमी झाली, तरी घाबरण्याचे कारण नाही. तीही बॅटरी तापल्यावर होणारी बचावाची क्रिया आहे, वेग कमी करून चालत राहावे.

कामाच्या ठिकाणी कडुनिंबाची सावली मिळाली तर पत्र्याच्या शेडपेक्षा ती चांगली. मात्र सकाळची सावली दुपारी दोनला कुठे सरकते, ते एकदा पाहून जागा धरावी. काळ्या सीटवर जुनी पांढरी चादर टाकली की सीटही बसण्याजोगी राहते. डोक्याला उपरणे बांधून वर हेल्मेट घालणारे असतात; उपरण्याची जाड गुंडाळी झाली की हेल्मेट नीट बसत नाही आणि पडल्यावर निसटते. पातळ सुती कापड एकपदरी बांधावे आणि पट्टा लावावा.

पावसाळा आणि रस्ता

चांगल्या गाडीची बॅटरी आयपी-६७ दर्जाची असते. त्याचा अर्थ ती ठरावीक चाचणीत एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकली, एवढाच. वायरिंगची जोडणी, ब्रेक आणि जुने झालेले रबर यांना तो दर्जा नाही. भर पावसात गाडी चालवायला हरकत नाही, परंतु नदी-नाल्यावरच्या फरशी पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात ती घालू नये. पांझरा किंवा वाघूरच्या पाण्याला गाडी कशावर चालते याच्याशी देणेघेणे नसते. पाणी फूटबोर्डापर्यंत चढले असेल तर गाडी बंद करून ढकलत आणावी आणि सर्व्हिस सेंटरने पाहिल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. चार्जिंगच्या खोबणीत थेंब असतील तर पुसून, वाळवून मगच प्लग घालावा. वॉशिंग सेंटरवरचा जोराचा फवारा मोटर, डिस्प्ले आणि चार्जिंगच्या झाकणावर मारू देऊ नये. एक बादली पाणी आणि फडके पुरते.

घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत एखादा किलोमीटर काळ्या मातीची वाट असेल, तर मागचे चाक फिरवणारा पट्टा उघडा असलेली गाडी घेण्यापूर्वी विचार करावा. चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये दाबून बसतो, चाक जड होते, मोटर तापते. मोटर चाकातच असलेल्या किंवा पट्टा पूर्ण झाकलेल्या गाडीला हा त्रास कमी.

जळगाव शहरातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, आकाशवाणी चौक किंवा अजिंठा चौफुलीसारख्या ठिकाणी, सिग्नल सुटल्याबरोबर विजेची गाडी ट्रकच्या पुढे झटकन निघते. त्या झटक्याचा मोह आवरावा. पहिल्या पावसातल्या निसरड्या रस्त्यावर किंवा वाळू सांडलेल्या वळणावर तोच झटका मागचे चाक घसरवतो. इंजिनाचा आवाज नसल्याने पायी चालणारे, शेळ्या, बैलगाडीचे बैल यांना गाडी मागून आलेली कळत नाही, म्हणून हॉर्न लांबूनच, हलका वाजवावा. थ्रॉटल सोडल्यावर गाडी आपोआप मंदावते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असताना हा परिणाम जाणवत नाही. सकाळी भरलेल्या गाडीने पहिल्या उतारावर ती नेहमीसारखी थांबेल असे धरून चालू नये, हात ब्रेकवर असावा.

दिवाळीत किंवा मे महिन्यात पंधरा-वीस दिवस गावी जायचे असेल तर गाडी ५०-६० टक्क्यांवर ठेवून, सावलीत, प्लग काढून ठेवावी. दिवे आणि लॉकसाठी बऱ्याच गाड्यांत १२ व्होल्टची छोटी बॅटरी वेगळी असते. मोठी बॅटरी शिल्लक असूनही परत आल्यावर गाडी सुरू झाली नाही, तर आधी ती तपासायला सांगावी.